‘साड्या आमच्याच, मग पैसे कशाचे?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. आईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी त्यांच्या वाढदिवसाला वृद्धाश्रमात पोचायला हवी होती, ती आठवडाभर उशिरा मिळाली. त्याबद्दल मनापासून माफी मागते. त्या दिवशी तुम्हाला गोधडीशिवाय जावं लागलं याचं आम्हालाही वाईट वाटतं. पैठणीचा काठ लावला नाही, गोधडी आखूड झाली, हेही तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल पुढे सांगते. पण ‘साड्या आमच्याच, बायका घरबसल्या टाके घालतात आणि त्याचे ३,४०० रुपये? सरळ लुबाडणूक आहे,’ हे वाचून मात्र फार लागलं. रात्रभर डोक्यातून जाईना.

ताई, साड्या तुमच्या, हे खरंच. पण पिशवीतून काढली आणि शिवायला घेतली असं होत नाही. तुमच्या पिशवीत दोन इरकली, दोन सुती नऊवारी आणि एक पैठणी होती. सगळ्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास. म्हाताऱ्या माणसाने तो वास रात्रभर अंगावर घेतला तर खोकल्याची ढास लागते, म्हणून आधी सगळं धुऊन वाळवावं लागतं. साड्या आल्या आषाढात. पुण्यात त्या दिवसांत ऊन कुठलं? आतला थर जरा दमट राहिला की गोधडीला आतून बुरशी धरते, मग सगळी उसवण्याशिवाय उपाय नाही. उशीर झाला तो तिथे. त्यात एका इरकलीचा लाल पदर रंग सोडत होता. मिठाच्या पाण्यात भिजवून, पांढरं फडकं त्यावर चोळून, फडक्याला रंग लागेना तेव्हाच तो घेतला. नाहीतर पहिल्याच धुण्यात आईंची चादर आणि गाऊन गुलाबी झाले असते.

मग प्रत्येक साडी खिडकीशी उजेडात धरून बघतो. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या आसपास कापड, पण ते सगळीकडे सारखं झिजत नाही. बसायच्या जागी विरतं, खालचा काठ फाटत येतो, पदर बहुतेक वेळा शाबूत असतो. विरलेलं मधल्या थरांत जातं, धड असेल ते वर येतं. तुमच्या आईंच्या एका साडीला दंड घातलेला होता, म्हणजे विरलेला भाग काढून धड तुकडे जोडलेले, तेही हातानेच, आणि इतका बारीक की शिवणाऱ्या मावशी तो किती वेळ बघत बसल्या. त्यांनी तो भाग मुद्दाम वर घेतलाय, उजव्या कोपऱ्यापाशी, आईंचा हात सहज जाईल असा. तुमच्या लक्षात आला नसेल तर पुढच्या भेटीत जरूर बघा.

नेहमीच्या गोधडीला धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभर अंतर चालतं. वृद्धाश्रमासाठी शिवताना आम्ही ते निम्म्यावर आणतो आणि टाकाही लहान घेतो. तिथे सगळ्यांचे कपडे मोठ्या मशीनमध्ये एकत्र पडतात, शिवाय लांब टाक्यात पायाचं बोट अडकतं, नख अडकतं. ओळी दुप्पट झाल्या की दोरा दुप्पट आणि वेळही दुप्पट. सगळ्या थरांतून सुई आरपार काढत, कडेकडेने फिरत मधोमध यायचं. घरबसल्या म्हणजे घरचं सगळं आवरून, मांडी घालून, पाठ वाकवून. ३,४०० पैकी २,३०० रुपये त्या मावशींचे असतात. राहिलेल्यात धुलाई, दोरा, खालचं नवं अस्तर, गोधडी दुसऱ्या कुणाकडे जाऊ नये म्हणून शिवलेली नावाची पट्टी आणि रिक्षाभाडं. आम्हाला काय उरत असेल ते तुम्हीच सांगा.

गोधडी घेऊन तुमच्या दारात आल्या होत्या त्याच मावशींनी ती शिवली होती. त्यांना तुम्ही पाचशे रुपये कमी दिलेत. त्या काही बोलल्या नाहीत, तशाच परत आल्या. ते पाचशे आम्ही भरून दिले. आता मागायचे म्हणून हे लिहीत नाही, पण दर पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तुम्ही ‘चालेल’ म्हणाला होतात. तेव्हाच नको म्हटलं असतंत तर आमचं काहीच म्हणणं नव्हतं.

पैठणीचा काठ लावला नाही तो जरीमुळे. वय झालं की कातडी कागदासारखी पातळ होते. जरीची तार सुटली की लगेच ओरखडा उठतो. आईंना शुगर आहे हे तुम्हीच सांगितलं होतं, आणि शुगरच्या माणसाची जखम लवकर भरत नाही. पैठणी न कापता, घडी घालून तुम्हाला परत दिली आहे. गोधडी सहा फूट बाय चार फूट ठेवली, कारण ती कॉटखाली लोंबायला नको. लोंबती कड व्हीलचेअरच्या चाकात जाते, नाहीतर पायात येऊन माणूस पडतं. अशा गोष्टी इथून पुढे फोनवर आधी बोलून घेऊ. दराचा कागदही ऑर्डरबरोबर देऊ, आणि पावसाळ्यातल्या तारखांचं काहीतरी नक्की बघतो.

सणासुदीच्या ऑर्डरी याच दिवसांत येतात. तुमचं वाचून एका बाईंनी दिलेल्या साड्या परत मागवल्या. या कामावर आमच्यासकट पाच-सहा घरं चालतात, ताई. तारे वाटतील तेवढेच ठेवा, उशीर झाल्याचंही राहू द्या, फक्त ‘लुबाडणूक’ हा शब्द काढता आला तर बघा.

आणि गोधडी गार पाण्यातच धुवायला सांगा तिथल्या मावशींना, इरकलीच्या पदराला कढत पाणी सोसणार नाही. कुठे टाका निसटला तर पाठवून द्या, पुन्हा घालून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही.