आयथ्री टाकलं म्हणून ब्राउझर हलका होत नाही

‘ग्नोम काढून आयथ्री टाका, २ जीबी रॅमचा लॅपटॉप नव्यासारखा पळेल’ असा सल्ला लिनक्स वापरणाऱ्यांत सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. ग्नोम म्हणजे अख्खा डेस्कटॉप; आयथ्री काय किंवा ओपनबॉक्स काय, हे नुसते विंडो मॅनेजर, स्क्रीनवर प्रोग्रॅमच्या खिडक्या मांडण्यापुरतंच काम करतात. रॅम वाचते, नाही असं नाही. पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती बचत कुठल्या कुठे जाते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवलीत तर फरक जास्त जाणवेल. शिवाय वायफायचं चिन्ह, आवाजाची बटणं, स्क्रीन लॉक सगळं स्वतः जोडावं लागतं (माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली). आणि ग्नोम काढायचंच कशाला? दोन्ही ठेवा, लॉगिन करताना सेशन (ग्नोम की आयथ्री) निवडा. वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी यंत्रणा) हवं असेल तर मात्र आयथ्रीऐवजी त्याच्यासारखंच चालणारं स्वे.