साहेबांचं टपाल आणि शिपायाचे हात

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एका खोक्यावरून जुंपली आहे. मामेभाऊ पुण्यात एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तिथे साहेबांच्या नावाने पार्सल आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, वर चिकटपट्टीची पुटंच्या पुटं. शिपाई म्हणाला, मी नाही उघडणार. साहेब म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस. त्याने उघडलं. आत नव्या वर्षाच्या डायऱ्या! निम्मा ग्रुप म्हणतो, शिपायाची नाटकं. उरलेले मला विचारतात, "तुमच्या अमेरिकेत चालेल का रे असं?"

नाही चालत. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसच्या टपालखोलीत संशयास्पद पार्सलाच्या खुणांचा तक्ता लावलाय: पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, नावाचं स्पेलिंग चुकलेलं, तेलकट डाग, नको इतकी चिकटपट्टी, बाहेर येणारी पूड. यातल्या बहुतेक खुणा मी एकाच पार्सलावर पाहिल्या आहेत आणि ते सांगलीहून मावशीने पाठवलेलं होतं. मांजरपाटात शिवलेलं, लाखेचे ठिपके, कोपऱ्यात चकलीचं तेल उतरलेलं आणि शिवणीतून पांढरी पूड. मावशीने फराळात रांगोळीची पुडी सरकवली होती. (घराच्या दारातून पार्सलं चोरीला जातात म्हणून ऑफिसचा पत्ता मीच दिला होता.)

टपाल सांभाळणाऱ्या बाईंनी ते हलवलं नाही, हुंगलं नाही, कुणाची परवानगीही विचारली नाही. होतं तिथेच ठेवून त्यावर कचऱ्याची रिकामी बादली उपडी घातली, पंखा बंद केला, सगळ्यांना बाहेर काढून दार ओढून घेतलं. साबणाने हात धुतले, खोलीत कोण कोण होतं त्यांची नावं लिहिली आणि सिक्युरिटीला फोन केला. दोन तास मजला रिकामा. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. साहेबांनी मात्र बाईंचे सगळ्यांसमोर आभार मानले. फराळ काही माझ्या हाती लागला नाही.

ग्रुपवर हे सांगितलं की "बघा, तिकडे माणसाची किंमत आहे" सुरू होतं. तिथे मी थांबवतो. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर हॅमिल्टनचं टपाल केंद्र आहे. २००१ साली अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू भरलेली पत्रं तिथून गेली. प्रिन्स्टनच्या नासाऊ स्ट्रीटवरच्या पेटीत ती टाकली होती. वर्गीकरणाच्या यंत्रात पाकिटं दाबली जातात, तेव्हा जंतूंची बारीक पूड कागदाच्या छिद्रांतून बाहेर पडली. पाच माणसं गेली, सतरा आजारी पडली. १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये सिनेटर डॅशल यांच्या ऑफिसात त्यातलं एक पत्र उघडलं गेलं. तिथल्या लोकांना लगेच औषधं मिळाली. तेच पत्र वॉशिंग्टनच्याच ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून गेलं होतं, तिथलं काम मात्र २१ तारखेपर्यंत चालू होतं. पाकीट चिकटवलेलं, मग धोका कसला, हा हिशेब. थॉमस मॉरिस आणि जोसेफ करसीन हे तिथले दोन कर्मचारी २१ आणि २२ तारखेला वारले. मॉरिस यांनी आपत्कालीन नंबरवर फोन करून, आपल्याला अँथ्रॅक्सच झाला असावा, हे स्वतः सांगितलं होतं. त्या केंद्राला आज दोघांची नावं आहेत. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यामागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे काय वेगळं झालं? मार्च २०१८ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरला एका कुरिअरच्या ऑफिसात पार्सलाचा स्फोट झाला. पत्ता पुण्याचा होता, जखमी झाले कुरिअरचे कर्मचारी.

मामेभावाचं म्हणणं, तक्ता लावून काय होणार, शिपाई कंत्राटी आहे, पोटावर पाय येईल. पटतं मला. पण आमच्या टपालखोलीतल्या बाईही कंत्राटीच होत्या. फरक एवढाच, की संशय आला तर थांबवायचं, हे त्यांच्या कामाच्या नियमांत लिहिलेलं होतं आणि साहेबांना ते मोडता येत नव्हतं. एक्स-रे मशीन नंतर घ्या, नाही घेतलं तरी चालेल. आधी हे एक वाक्य कागदावर आणा, खाली साहेबांची सही घ्या. दहा वेळा डायऱ्या निघतील, निघू देत. नाटकं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही ते खोकं स्वतः उघडलं असतं, असं मला वाटत नाही.

काल मामेभावाने सांगितलं, तो शिपाई हल्ली निनावी पार्सल आलं की एक दिवस सायकल स्टँडमागे ठेवतो आणि मगच आत आणतो. साहेबांना वाटतं, कुरिअर उशिरा येतंय.