पंधराचा आकडा खरा, बाकी घोळ

मायग्रेनबद्दलचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. महिन्यात पंधरा वेळा डोकं दुखलं तरच खरा मायग्रेन, त्याहून कमी म्हणजे साधी डोकेदुखी. पंधराच्या वर गेलात की क्रॉनिक, म्हणजे जन्माचं दुखणं. आणि आकडा वाढू द्यायचा नसेल तर दुखायला लागलं की लगेच गोळी घ्या. यातला पंधराचा आकडा तेवढा खरा आहे.

‘पंधरा वेळा.’ वेळा नाहीत, दिवस. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या 2018 च्या वर्गीकरणात क्रॉनिक मायग्रेन म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्याला 15 किंवा अधिक दिवस डोकेदुखी, आणि त्यातले किमान 8 दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे. उरलेल्या दिवसांची हलकी ठणकही मोजायची. उपचार न घेतलेला एक अटॅक 4 ते 72 तास चालतो. सोमवारी संध्याकाळी सुरू झालेलं दुखणं बुधवारी रात्री उतरलं, तर कॅलेंडरवर तीन चौकोन भरतात. असे दोन अटॅक आले की माणूस ‘दोनदाच दुखलं’ म्हणतो, पण हिशेबात सहा दिवस गेलेले असतात. शिवाय त्रास फार वाढला की एक अटॅक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हेच कळेनासं होतं.

‘कमी म्हणजे साधी.’ मायग्रेन आहे की नाही हे अटॅकच्या स्वरूपावरून ठरतं: एका बाजूला ठसठस, जिना चढताना वाढणारी कळ, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं. असे एकूण पाच अटॅक येऊन गेलेले असले तरी निदानाला पुरतात, मग ते वर्षभरात का आलेले असेनात. महिन्यातून एकदाच, पण अंधाऱ्या खोलीत उशाशी बादली घेऊन पडणाऱ्याला ‘साधी’ म्हणून बघा! चौदाव्या आणि पंधराव्या दिवसामध्ये डोक्यात काही भिंत नसते. रेघ कुठेतरी ओढावी लागते, म्हणून ती तिथे ओढली. अटॅक रोखणाऱ्या औषधांचा विचारही पंधराची वाट पाहत नाही. महिन्याला चारेक दिवस वाया जायला लागले की डॉक्टर तो विषय काढतात.

‘क्रॉनिक म्हणजे जन्माचं.’ हा गोंधळ बहुधा ‘जुनाट’ या शब्दाने केलाय. इथे वर्षं मोजतच नाहीत. वीस वर्षं महिन्याला दोन दिवस दुखणारं डोकं क्रॉनिक नाही. चार महिन्यांपासून महिन्याला अठरा दिवस दुखणारं असू शकतं. आणि पुष्कळ लोक पंधराच्या खाली परतही येतात.

राहिली गोळी. हा सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणूनच जास्त घातक. अटॅकच्या सुरुवातीला घेतलेली गोळी चांगली लागू पडते, हे खरं. पण ट्रिप्टान (खास मायग्रेनचा अटॅक थांबवणारी औषधं) किंवा मिश्र वेदनाशामक (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) महिन्याला 10 दिवस, साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन 15 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. म्हणजे आकडा खाली ठेवायला निघालेला माणूस स्वतःच तो वर चढवतो.

म्हणून कॅलेंडरवर दुखल्याच्या दिवशी फुली, गोळीच्या दिवशी गोल. मनातल्या हिशेबावर विसंबू नका. त्यात फक्त आडवं पाडणारे दिवस राहतात. ‘आठ दिवस दुखतं’ म्हणणाऱ्याला उलटं विचारा, महिन्यात किती दिवस डोकं अगदी मोकळं होतं? तो बावीस म्हणेलच असं नाही.