4x4 मध्ये कायम 22 हवा ठेवायची? नका हो ठेवू

उन्हाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा मला चार ठिकाणांहून आला. थार, जिम्नी, बोलेरो, स्कॉर्पिओवाल्यांनो कंपनीचं ऐकू नका, हवा कायम 22 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवा, राईड गादीसारखी होते, उन्हात टायर फुटत नाही, जास्त रबर रस्त्याला टेकतं म्हणून झीज कमी, पावसात ग्रिप जास्त, आणि नायट्रोजन भरलं की महिनोन्महिने बघायलाच नको. ऐकायला सगळं पटतं म्हणून तर लोक पुढे पाठवतायत, पण यातला एक मुद्दा जिवावर बेतणारा आहे म्हणून लिहायला बसलोय.

तो आधीच घेतो, उन्हाचा. उन्हात हवा फुगते हे खरंय, पण किती? सकाळी 25 डिग्रीला 29 भरली असेल तर दुपारी 45 डिग्रीत साधारण 3 ने वाढते, गाडी पळाली की अजून थोडी. हे टायर बनवणाऱ्याने धरलेलंच असतं, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर जो स्टिकर असतो त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो तो त्यामुळेच. त्या 3-4 ने टायर फुटत नाही. फुटतो तो कमी हवेने. हवा कमी असली की साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते, ताशी 100 ला हे मिनिटाला 700 च्या आसपास वेळा होतं. तार हाताने वाकवत राहिलं की तुटायच्या आधी गरम होते ना, तसंच. त्या उष्णतेने आतल्या तारांवरची रबराची पकड सुटते आणि वरचा, रस्त्याला टेकणारा पट्टाच उखडतो.

अमेरिकेत हे घडून गेलंय. फोर्ड एक्सप्लोररला कंपनीने 26 हवा सांगितली होती, तिचे टायर बनवणाऱ्या फायरस्टोनने नंतर 30 ठेवा म्हटलं, आणि ऑगस्ट 2000 मध्ये 65 लाख टायर परत मागवावे लागले. पट्टे सुटून गाड्या उलटल्या होत्या, तिथल्या सरकारी नोंदीत 271 माणसं गेली. त्या टायरच्या बनावटीतही दोष होते हे मान्य, पण तापलेला रस्ता, जास्त स्पीड, भरलेली गाडी आणि कमी हवा हे त्यात होतंच, आणि टायरमधली हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणारा दिवा तिथे सक्तीचा झाला तो यानंतरच.

आता जवळचं सांगतो. माझा मावसभाऊ मे महिन्यात नागपूरहून समृद्धीने आला, हाच मेसेज वाचून 22 ठेवलेली, गाडीत पाच माणसं, कॅरिअरवर सामान. शिर्डीला भेटलो तेव्हा मागच्या डाव्या टायरला हात टेकवून ठेवता येत नव्हता. बारीक खिळा गेला होता, हवा 14 वर आलेली. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून काढून उभा आपटला तर आतून मूठभर काळी भुकटी पडली, कोळशाच्या चुऱ्यासारखी. ते साईडवॉलचं आतलं रबर होतं, घासून निघालेलं. स्टिकरप्रमाणे 29 असती तर तेवढीच हवा जाऊन 21 तरी उरली असती. ज्या रस्त्यावर 120 ची परवानगी आहे तिथे 22 वर सुरुवात केली की चुकायला जागाच उरत नाही, आणि मागे लेकरं बसलेली असतात हो.

झिजेचं म्हणाल तर खडू घ्या आणि टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ मारा, मग सपाट डांबरावर सरळ शंभर मीटर गाडी चालवा. रेघ सगळीकडून सारखी पुसली तर हवा बरोबर, फक्त दोन्ही कडांना पुसली तर कमी, फक्त मधे पुसली तर जास्त. 22 वर कडाच पुसलेल्या दिसतील, म्हणजे झीज वाटली जात नाही, वजन कडांवर येतं, मधे नक्षी शिल्लक असताना कडा गोटा होतात आणि कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटर राहायलाच हवी. एकाच बाजूची कड खाल्ली असेल तर ते अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत नाहीत, आणि खड्डे-खड्डे पडले असतील तर शॉकअप बघा.

राईड मऊ वाटते हे मात्र खोटं नाही. आपल्याकडे हवा मारणारा पोरगा बऱ्याचदा न विचारता 36-38 मारून देतो, त्यावरून 22 वर आलं की स्वर्गच वाटणार. पण स्टिकरच्या आकड्यावर आलात तरी फरक जाणवतो, तेवढं आधी करून बघा. घाटातल्या वळणावर 22 वाली गाडी झुलते, स्टिअरिंग फिरवल्यावर ती उशिरा ऐकते, आणि खड्ड्यात आपटली की रिम वाकतं नाहीतर टायरला बाजूने फोड येतो. तरीही दणके बसत असतील तर कारण दुसरीकडे शोधा, चिखलासाठीचे जड एमटी टायर, मेलेले शॉकअप, रिकाम्या गाडीचे कडक पाटे. आणि टायरवर छापलेला 44 नाहीतर 51 हा आकडा भरायचा नसतो, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे.

पावसात तर उलटंच होतं. टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो स्पीड हवेच्या दाबावर असतो, नासाने विमानांच्या टायरवरून काढलेला एक ढोबळ हिशोब आहे, त्याने 29 ला ताशी 90 च्या आसपास येतो आणि 22 ला 78. कारचा टायर वेगळा, नक्षीवरही बरंच अवलंबून, पण दिशा तीच, हवा कमी तर गाडी लवकर तरंगते.

नायट्रोजनचं थोडक्यात, साध्या हवेत 78 टक्के तोच असतो. गळती थोडी मंदावते, पण खिळा गेला की तोही जातोच, म्हणून महिन्यातून एकदा सकाळी थंड टायरवर स्वतःच्या मीटरने बघायचं, स्टेपनीसकट.

मऊ वाळूत, चिखलात, दगडांच्या पायवाटेवर मी स्वतः हवा 18 पर्यंत उतरवतो, टायर लांब पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण तिथे स्पीड 20-30, वळण अलगद, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबराला लागलो की पहिलं काम कॉम्प्रेसर लावून चारही परत 29, वीस मिनिटं लागतात, बरोबरचे कंटाळतात, तरी त्याआधी गाडी हलवत नाही.