आधी घर पाडा, मग म्हणा राहायला कोणी येत नाही

"ओकलंडला प्रेक्षकच नव्हते हो, संघ जाणारच होता." कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा 'ॲथलेटिक्स' (लाडाने ए'ज) हा बेसबॉल संघ लास वेगासला नेण्याचं समर्थन करताना बोललं जाणारं हे वाक्य आता बंद करा. ज्यांनी संघमालक जॉन फिशरच्या मालकीतला एक हंगामही नीट पाहिलेला नाही, तेच ते सगळ्यात ठासून बोलतात. पुरावा म्हणून २०२३ चा आकडा तोंडावर फेकतात: ८१ घरच्या सामन्यांना मिळून ८ लाख ३२ हजार ३५२ माणसं, अख्ख्या मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, सगळ्यात कमी.

आकडा खरा आहे. पण दुकानात त्या वर्षी माल काय ठेवला होता, ते कोण सांगणार? ५० विजय, ११२ पराभव. पूर्ण संघाचा पगार साधारण ६ कोटी डॉलर, आणि त्याच हंगामात न्यूयॉर्क मेट्सचा ३३ कोटींच्या वर. शिवाय २०२१ नंतर हंगामी तिकिटांचे दर चढवले आणि लगेच ज्या खेळाडूंसाठी लोक तिकीट काढायचे तेच विकून टाकले. हाच संघ, हेच कळकट स्टेडियम, हेच शहर २०१४ मध्ये २० लाखांवर प्रेक्षक आणत होतं. १९९० मध्ये, हास कुटुंबाच्या मालकीत, २९ लाख. गाव तेच राहिलं, मालक बदलला.

या मालकाने २०२२ च्या वसंतात कोणाला कुठे विकलं ते तारखेनिशी बघा. १२ मार्चला ख्रिस बॅसिट मेट्सला. १४ मार्चला मॅट ऑल्सन ॲटलांटाला. १६ मार्चला मॅट चॅपमन टोरांटोला. ३ एप्रिलला शॉन मनाया सॅन डिएगोला. जेमतेम तीन आठवड्यांत पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरचे खेळाडू आणि सामन्याची सुरुवात करणारे दोन पिचर, म्हणजे गोलंदाज, साफ. ऑगस्टमध्ये फ्रँकी मोंटास यँकीजला, डिसेंबरमध्ये कॅचर (यष्टिरक्षकच म्हणा) शॉन मर्फी ॲटलांटाला. त्याआधी, २०२१ च्या हंगामानंतर, मॅनेजर बॉब मेल्विनचा एक वर्षाचा करार शिल्लक असताना त्यालाही सॅन डिएगोला जाऊ दिलं, बदल्यात काही न मागता. ॲटलांटाने ऑल्सनला मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ८ वर्षांचा १६ कोटी ८० लाखांचा करार दिला आणि २०२३ मध्ये त्याने तिथे ५४ होमरन मारले. आपण ११२ सामने हरत होतो तेव्हा!

यात चूक झाली, अंदाज फसला, असं काही नाही. हे सूत्र आहे. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की खेळाडूचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत तो क्लबच्या ताब्यात. साधारण पहिली तीन वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपास राबवता येतं. २०२३ मध्ये तो किमान पगार ७ लाख २० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं पगाराचा वाद लवादापुढे जाऊ शकतो, म्हणून आकडा दरवर्षी फुगतो. सहा भरली की खेळाडू मोकळा. फिशरच्या माणसांनी या मधल्या टप्प्यावर बोट ठेवलं: लवादाचे आकडे चावायला लागले की खेळाडू विका, बदल्यात विशीतली पोरं आणा, पुन्हा तीन वर्षं स्वस्तात. बैल जोताला लागला की बाजारात, गोठ्यात कायम वासरं.

विकण्याला कोणाची ना नव्हती, हेही सांगून टाकतो. टँपा बे हेच करतो आणि २०२३ मध्ये त्यांनी ९९ सामने जिंकले. संघाचा कारभार पाहणाऱ्या बिली बीनने ओकलंडमध्येच २००२ साली सुमारे ४ कोटींच्या पगारात १०३ सामने जिंकून दाखवले, त्यात सलग २० विजय. पण तेव्हा विकणं हे जिंकण्यासाठी होतं. नंतर विकणं हाच धंदा झाला.

आणि हे चालतं, कारण बेसबॉलमध्ये खर्चाला तळ नाही. वर लक्झरी टॅक्स आहे, म्हणजे जास्त उधळलं तर दंड. कमी खर्च केला म्हणून थेट काही नाही. आपल्या आयपीएलमध्येसुद्धा फ्रँचायझीला लिलावाच्या रकमेतले किमान ७५ टक्के खर्च करावेच लागतात! इथे मात्र राष्ट्रीय टीव्हीचे पैसे ३० संघांत सारखे वाटले जातात. स्टेडियमबाहेर विकलेल्या अधिकृत टोप्या-जर्सींचे पैसे सारखे. त्यावर प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नातले ४८ टक्के एका भांड्यात टाकतो आणि तेही समान वाटले जातात, म्हणजे गरिबीचं सोंग घेणाऱ्याच्या ताटात जास्त पडतं. स्टँड रिकामे असोत की भरलेले, मालकाच्या घरी दिवाळीच. २००५ मध्ये फिशर आणि लू वोल्फ यांनी संघ १८ कोटींना घेतला. २०२३ मध्ये, त्या ११२ पराभवांच्या वर्षी, फोर्ब्सने त्याची किंमत ११८ कोटी लावली होती. गॅप कपड्यांच्या दुकानांचा वारसा असलेला माणूस हा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते यालाच.

कंजूषपणाची पातळी कळायला एकच गोष्ट पुरे. मे २०२० मध्ये, महामारीत, या संघाने मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवर तयार होणाऱ्या, पोरांचा आठवड्याचा ४०० डॉलरचा भत्ता बंद करायचं जाहीर केलं. बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांत निर्णय फिरवला. त्याच वर्षी स्टेडियमचं १२ लाख डॉलरचं भाडंही थकवलं होतं.

आता स्टेडियम. कोलिझियम घाण होतं, हे कोणी नाकारत नाही. १९६६ चं बांधकाम. जून २०१३ मध्ये ड्रेनेज तुंबून मैला खेळाडूंच्या ड्रेसिंगरूममध्ये आला होता. नव्वदीत फुटबॉलच्या रेडर्सना परत आणण्यासाठी सेंटर फील्डमागे जो काँक्रीटचा डोंगर उभारला, त्याने पलीकडच्या खऱ्या टेकड्या झाकून टाकल्या. लोक त्याला रेडर्सच्या मालकाच्या नावाने 'माउंट डेव्हिस' म्हणतात. सगळं मान्य. पण २०१९ मध्ये या स्टेडियममधला काउंटीचा (म्हणजे जिल्हा प्रशासनाचा) अर्धा हिस्सा साडेआठ कोटींना घ्यायचा करार याच क्लबने केला होता ना? मग ज्या घराचे आपण निम्मे मालक होणार त्याच्या गळक्या नळाकडे बोट दाखवून शहराला नावं कसली ठेवता?

नवीन जागेची कथा तर ऐकण्यासारखी आहे. फ्रीमाँट आधी. आज जिथे किराणा दुकानात भाकरीचं पीठ आणि गोडा मसाला सहज मिळतो, तिथे सिस्कोच्या नावाचं स्टेडियम होणार होतं. २००९ मध्ये ते बारगळलं. मग सॅन होजे. तिथे आडवं आलं सांता क्लारा काउंटीवरचं, सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाचं हक्कक्षेत्र, म्हणजे दुसऱ्या संघाला बंद असलेला इलाखा. गंमत बघा, तो हक्क जायंट्सना दिला कोणी? खुद्द ए'जच्याच जुन्या मालकाने, वॉल्टर हास यांनी, १९९० च्या सुमारास, एक पैसा न घेता, शेजाऱ्याला अडचणीत मदत म्हणून. जायंट्सना तिथे स्टेडियम हवं होतं, मतदारांनी प्रस्ताव पाडले, ते सॅन फ्रान्सिस्कोतच राहिले. हक्क मात्र परत दिला नाही! सॅन होजे शहराने २०१३ मध्ये लीगवर दावा ठोकला. तो आपटला १९२२ च्या एका निकालावर. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागू होत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तेव्हा ठरवून ठेवलंय. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच कोर्टाने सॅन होजेचं अपील ऐकायलाही नकार दिला. शंभर वर्षांपूर्वीचा कागद आणि तीस वर्षांपूर्वीचा चांगुलपणा, दोन्ही चाहत्यांच्याच गळ्यात.

२०१७ मध्ये लेनी कॉलेजजवळची जागा कॉलेजच्या मंडळाला न विचारता जाहीर केल्यासारखी केली. मंडळाने दार लावलं. २०१८ मध्ये हॉवर्ड टर्मिनल: बंदरावरची ५५ एकर जागा, घरं, ऑफिसं, हॉटेल धरून १२०० कोटी डॉलरचा प्रकल्प. स्टेडियम हे त्यातलं तोंडी लावणं, खरं जेवण जमिनीचं. तरीही ओकलंडने दम धरला. जुलै २०२१ मध्ये नगरपरिषदेने अटींचा मसुदा मंजूर केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यावरण अहवाल मंजूर केला, रस्ते आणि पुलांसाठी सरकारी अनुदानं जमवत राहिली. क्लबचा अध्यक्ष डेव्ह केव्हल मात्र एकीकडे 'ओकलंडमध्ये रुजलेले' अशी घोषणा मिरवत होता आणि दुसरीकडे लास वेगासच्या वाऱ्या करत होता. एप्रिल २०२३ मध्ये वेगासमध्ये ४९ एकर घेतल्याची बातमी आली. महिनाभरात तीही जागा सोडून ट्रॉपिकाना हॉटेलच्या जमिनीतल्या ९ एकरांवर आले. ५५ वरून ९! आणि म्हणे ओकलंडला गांभीर्य नव्हतं.

नेव्हाडाने वर ३८ कोटींपर्यंत सार्वजनिक पैसा देऊ केला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. ज्या १३ जून २०२३ ला नेव्हाडाच्या सिनेटने ते विधेयक मंजूर केलं, त्याच संध्याकाळी ओकलंडच्या चाहत्यांनी 'उलटा बहिष्कार' केला: न येण्याऐवजी सगळे या. हिरवे टीशर्ट, छातीवर एकच शब्द, 'विका'. २७,७५९ माणसं, मंगळवारी, १८ विजय आणि ५० पराभवांच्या संघासाठी. पाचव्या डावात आधी चिडीचूप शांतता, मग 'संघ विका'चा गजर. आणि जिंकले पण, टँपा बेविरुद्ध २-१, सलग सातवा विजय. लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यावर काय बोलले? एका रात्रीपुरती का होईना, लीगच्या सरासरीएवढी गर्दी पाहून बरं वाटलं, अशा अर्थाचं. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, हे तर पंचाने येऊन जखमेवर मीठ चोळणं झालं. नोव्हेंबरात लीगच्या मालकांचं मतदान स्थलांतराच्या बाजूने ३०-० आणि स्थलांतराचं शुल्कही माफ.

बहिष्कार घालायचा तरी कसा, हा चाहत्यांचा खरा तिढा. मैदानात गेलात तर तिकीट, पार्किंग आणि बिअरचे पैसे फिशरला. नाही गेलात तर रिकाम्या खुर्च्यांचा फोटो फिशरला, तोच वकिलाच्या फायलीत. जर्सी नाही घेतली तर त्याचा तोटा तीस जणांत वाटला जातो, त्याला कळतही नाही. पराभवाची शिक्षाही नाही, कारण खालच्या लीगमध्ये ढकलण्याची पद्धतच इथे नाही. उलट तळाला राहिलात तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या रांगेत, वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त.

२६ सप्टेंबर २०२४ ला कोलिझियममधला शेवटचा सामना झाला. गुरुवार, भर दुपार, ४६,८८९ प्रेक्षक, टेक्ससवर ३-२ विजय. हे ते 'प्रेक्षक नसलेलं' शहर.

वेगासचं स्टेडियम तयार होईपर्यंत राहायचं कुठे, याचाही पत्ता नव्हता. शेवटी सॅक्रामेंटोला, जायंट्सच्या मायनर लीग संघाच्या घरात, १४ हजारांच्या मैदानात. त्या क्लबची सूत्रं विवेक रणदिवे यांच्याकडे. मुंबईत जन्मलेला माणूस आणि आडनाव हे, त्यामुळे आपल्या मंडळींना उगाच मूठभर मांस चढलं होतं. तर तिथे ड्रेसिंगरूम आउटफिल्डच्या पलीकडे. पिचर बदलला की बिचारा अख्खं मैदान तुडवत जातो. ३१ मार्च २०२५ ला पहिलाच घरचा सामना, शिकागो कब्जकडून १८-३. पुढे हंगामभर सरासरी दहा हजारही प्रेक्षक आले नाहीत. आता सॅक्रामेंटोलाही बेसबॉल कळत नाही म्हणा!

आणि हे सगळं झाल्यावर पैसे सापडले. डिसेंबर २०२४ मध्ये लुईस सेवेरिनोला ३ वर्षांचे ६ कोटी ७० लाख, तोवरचा क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार. ब्रेंट रूकरला ६ कोटी, लॉरेन्स बटलरला साडेसहा कोटींच्या वर. हृदयपरिवर्तन वगैरे काही नाही. वाटपाचे पैसे घेऊन संघावर खर्च करत नाही म्हणून खेळाडूंची संघटना तक्रार करणार, अशा बातम्या येत होत्या, तेव्हा तिजोरी उघडली. म्हणजे किल्ली हरवलेली नव्हती, खिशातच होती. चॅपमन आणि ऑल्सनच्या वेळीही तिथेच होती.

१९७२, ७३, ७४ आणि ८९ ची चार विजेतेपदं ओकलंडच्या नावावर आहेत. आजच्या संघाच्या नावात शहरच नाही, नुसतं 'ॲथलेटिक्स'. एका बाहीवर सॅक्रामेंटोचा बिल्ला, दुसऱ्या बाहीवर लास वेगासचा. धावफलकावर पूर्वी 'ओएके' दिसायचं, आता 'एटीएच'. शिव्या घालायच्या म्हटलं तरी कोणत्या गावाच्या नावाने घालायच्या, याचीही सोय या माणसाने ठेवलेली नाही.