इंग्लंडमार्गे उत्तर वेल्सला जाऊ नका

गेल्या आठवड्यात स्लाऊच्या एका मित्राचा मेसेज आला. "शुक्रवारी रात्री तुमच्याकडे कार्डिफला मुक्काम, शनिवारी पहाटे निघून उत्तर वेल्समधला कॉन्वीचा किल्ला. बेस्ट रूट सांग." खाली फोनमधल्या नकाशाचा स्क्रीनशॉट. निळी रेघ कार्डिफहून निघून थेट इंग्लंडात घुसलेली, हेरेफर्ड-श्रूजबरी करत वर गेलेली आणि पार उत्तरेला पोचल्यावर पुन्हा वेल्समध्ये शिरलेली. कोल्हापूरहून आंबोलीला जाताना निपाणीपाशी कर्नाटकाचा तुकडा लागतो, तसंच. फक्त इथं तुकडा नाही, जवळजवळ अख्खा प्रवासच परमुलखातून.

फोनची चूक नाही. या देशातले मोठे रस्ते आडवे आहेत. दक्षिणेला एम४, उत्तरेला ए५५, मधून टेलफर्ड या इंजिनिअरनं बांधलेला लंडन-होलीहेडचा ए५. सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला, लंडनहून निघायचं आणि आयर्लंडच्या बोटीपाशी थांबायचं. वेल्सच्या माणसाला वेल्समध्येच खालून वर जायचं असेल, याची फारशी फिकीर कुणी केली नाही. रेल्वेचंही तेच. दक्षिणेतून पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲबरिस्टविथला जाणारी लाईन १९६५ साली बंद झाली, आता कार्डिफहून तिथं रेल्वेनं जायचं तर इंग्लंडातल्या श्रूजबरीला वळसा. उभा जाणारा रस्ता म्हणाल तर एकच, ए४७०. कार्डिफ ते उत्तर किनाऱ्यावरचं ल्हानडिडनो, १८६ मैल. तोही मुळात एक रस्ता नव्हे, निरनिराळ्या नंबरांचे तुकडे नंतर एका दोऱ्यात ओवलेत. गाडी चालवताना ते जाणवतं. आता दुपदरी रुंद रस्ता म्हणावं तोवर पुढच्या गावात चर्चच्या भिंतीला घासून जायची वेळ येते.

(मी "ल्हान" असं लिहिते त्याबद्दल आधीच सांगून टाकते. वेल्श नावांतला तो जोड-एल म्हणजे जीभ ल च्या जागी ठेवायची आणि बाजूनं हवा सोडायची. इंग्रजांना तो काही केल्या जमत नाही. आपल्या कोल्हापुरातला ल्ह त्याच्या बराच जवळ जातो. आमच्या शेजारच्या आजीबाईंनी माझी परीक्षा घेऊन पास केलंय.)

तर माझं मत. ए४७० हाच कणा धरायचा, पण त्याला शेवटपर्यंत चिकटून राहायचं नाही. रेयाडरला तो सोडायचा, डोंगरातून ॲबरिस्टविथला उतरायचं, तिथं रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी मखन्लेथवरून वर जाऊन पुन्हा ए४७० पकडायचा. एका दिवसात सगळं उरकणाऱ्यांनी खुशाल इंग्लंडमधूनच जावं, रस्ता चांगला आहे, चहाही मिळतो.

आणि कुठल्याही परिस्थितीत फोनच्या "चार मिनिटं वाचतील" या वाक्याला भुलायचं नाही.

हे मी अनुभवानं शिकले. इथं आलो त्या पहिल्याच वर्षी, भाड्याची गाडी, मी स्टिअरिंगवर, नवरा फोन धरून. ल्हानिडलॉइसच्या पुढे कुठंतरी फोननं डावीकडे वळायला सांगितलं. रस्ता पाहूनच मला शंका आली होती, कारण त्याच्या मधोमध गवत उगवलं होतं. दोन्ही बाजूंना गाडीच्या टपापेक्षा उंच झुडपांची भिंत, आणि त्या झुडपांच्या आत दगड असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मैलभर आत गेल्यावर समोरून ट्रॅक्टर. मागं ट्रॉली, ट्रॉलीत गवताचे गठ्ठे. ट्रॉली मागं घेणं शक्यच नव्हतं, म्हणजे मागं जायचं ते मीच. नवरा खाली उतरला आणि एका हातानं "ये, ये" आणि दुसऱ्या हातानं "थांब" अशा दोन्ही खुणा एकदम करायला लागला. डावा आरसा झुडपात गेला, कर्रर्र असा आवाज झाला, मी ब्रेक दाबून तशीच बसले. ट्रॅक्टरवरून गमबूट घातलेली, साठीच्या आसपासची बाई उतरली, काचेवर टकटक केलं आणि हातानंच मला सरक म्हणाली. मी सरकले. तिनं मान मागं वळवून, एका हातानं, गाडी दीडशे मीटर सरळ रेषेत मागं नेली आणि शेताच्या फाटकात घातली. मग उतरून मला एकच प्रश्न विचारला, "सॅटनॅव्ह?" (म्हणजे वाट फोननं दाखवली का?) मी मान हलवली. तिनंही हलवली. आरशाच्या ओरखड्याचे पैसे वेगळे द्यावे लागले.

त्या दिवशी एक फरक कळला. डोंगरातला अरुंद रस्ता वेगळा आणि दोन शेतांमधली गल्ली वेगळी. डोंगरातल्या रस्त्यावर झाडं नसतात, समोरून येणारी गाडी अर्ध्या मैलावरून दिसते, जागोजागी पासिंग प्लेस, म्हणजे समोरच्याला वाट द्यायला रुंद केलेल्या जागा, असतात. गल्लीत आपल्याला समोरच्या वळणापलीकडचं काही दिसत नाही. फोनला दोन्ही सारख्याच दिसतात, पांढरी बारीक रेघ. म्हणून मी अजूनही पेट्रोल पंपावर मिळणारा जाडजूड ॲटलास गाडीत ठेवते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे इथल्या सरकारी नकाशावर तर चढसुद्धा कळतो: रस्त्यावर एक बाण म्हणजे साताला एक (सात फूट पुढे गेलं की एक फूट चढ) ते पाचाला एक, दोन बाण म्हणजे त्याहून उभा, आणि बाणाचं टोक उताराकडे. आदल्या रात्री दहा मिनिटं नकाशावर बोट फिरवलं की दुसऱ्या दिवशी अनोळखी बाईला आपली गाडी मागं घ्यावी लागत नाही.

गेल्या जूनमध्ये बाबा आले तेव्हा त्यांना याच रस्त्यानं नेलं. बाबा एसटीचे ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण, कुंभार्ली घाट, सत्तावीस वर्षं. निवृत्त झाल्यापासून कुणाच्याही गाडीत बसले तरी त्यांचा उजवा पाय अधूनमधून हवेत ब्रेक दाबतो. मर्थर गावापर्यंत चौपदरी रस्ता असल्यामुळे ते गप्प होते. वाटेत ॲबरफॅन लागलं. २१ ऑक्टोबर १९६६ ला तिथं कोळशाच्या कचऱ्याचा ढिगारा घसरून शाळेवर आला आणि ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. मी एवढंच सांगितलं. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बरंच अंतर ती तशीच राहिली.

पुढे ब्रेकनचा चढ लागला, पेन-ई-फॅन डोंगराच्या पायथ्याचं पार्किंग नेहमीसारखं रस्त्यावर सांडलेलं. (शनिवार-रविवारी नऊच्या आत तो टप्पा पार करा, नाहीतर रस्त्याकडेला लावलेल्या गाड्यांमधून वाट काढावी लागते.) तिथून बाबांना कंठ फुटला. "हा अरफ कोण गं? दर वळणावर नाव लिहून ठेवलंय." रस्त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'अरफ' म्हणजे वेल्शमध्ये सावकाश. खाली इंग्रजीत पुन्हा तेच. बाबांना हे फार आवडलं. नंतर दिवसभर मी जरा वेग घेतला की "अरफ, अरफ".

वेगाचंच निघालंय तर, सप्टेंबर २०२३ पासून वेल्सच्या वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. त्यावर इथं प्रचंड भांडणं झाली, मी त्यात पडत नाही. पण गावाबाहेर पडलं की ६० ची परवानगी असते, आणि खरा धोका तो आहे. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी, म्हणजे ६०. ही पाटी अशा अशा रस्त्यांवर लावलेली असते की तिथं ३० नं गेलं तरी पोटात गोळा यावा. ६० ही मर्यादा आहे, आग्रह नाही.

रेयाडरला टाकी भरली, चहा घेतला, आणि ए४७० सोडला. इथून पुढे एलान व्हॅलीची धरणं. १८९३ ला काम सुरू झालं, १९०४ ला सातव्या एडवर्ड राजानं उद्घाटन केलं. पाणी जातं ७३ मैलांवरच्या बर्मिंगहॅमला, आणि तेही पंप न लावता, नुसत्या उतारानं. रस्ता एकामागून एक धरणांच्या काठानं चढत जातो. सगळ्यात वरचं क्रेग गोख, त्याची भिंत कमानदार, वर घुमटाची छोटी मनोरी, आणि पाऊस झालेला असला की सबंध भिंतीवरून पाणी एकसारखं खाली येतं, पांढरा पडदा सोडल्यासारखं. आम्ही गेलो तेव्हा आदल्या दिवशी धो-धो पडला होता. नवऱ्यानं फोटो काढले. बाबा कठड्याला हात टेकून उभे. त्यांनी विचारलं, "कुणाची गावं गेली?"

कोयनेच्या काठानं सत्तावीस वर्षं बस नेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असणार. मी सांगितलं. इथली शंभरेक माणसं उठली, नुकसानभरपाई मिळाली ती जमीनमालकांना, कुळांच्या हाती काही नाही. उत्तरेला बाला गावाजवळ कपेल केलिन नावाचं गाव १९६५ साली लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडवलं. वेल्सच्या एकाही खासदारानं बाजूनं मत दिलं नव्हतं तरी. समुद्राकडच्या रस्त्यावर, ॲबरिस्टविथच्या दक्षिणेला, एका पडक्या भिंतीवर त्याची आठवण ठेवा असं वेल्शमध्ये रंगवलेलं आहे. लिव्हरपूलनं माफी मागितली २००५ साली. "माफी तरी मागितली," बाबा म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

धरणांच्या पुढचा रस्ता मला या देशातला सगळ्यात आवडतो. एका वेळी एकच गाडी मावेल एवढा, कुंपण नाही, दोन्हीकडे पिवळट गवताचे उघडे डोंगर, वर लाल घारी घिरट्या घालताना. (ब्रिटनमधून ही घार जवळजवळ संपली होती, मध्य वेल्समध्येच काय ती तग धरून राहिली.) मेंढ्या डांबरावर बसलेल्या असतात कारण डांबर गरम असतं, हॉर्नला त्या दाद देत नाहीत. जनावरं अडवायला रस्त्यात लोखंडी गजांची जाळी असते, तिच्यावरून गाडी गेली की अख्खी गाडी घशात गुळणी केल्यासारखी वाजते. समोरून एक व्हॅन चढत आली. मी उतारावर होते. मी काही करायच्या आत बाबांनी डावीकडची रुंद जागा दाखवली. "चढत्या गाडीला वाट." मी बाजूला घेतली. व्हॅनवाल्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि गेला. बाबांनी मागं वळून त्याच्याकडे पाहिलं. एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना घाटात असाच हात करतात, फक्त आपल्याकडे अख्खा हात. त्यानंतर प्रत्येक गाडीला बाबा डावीकडे बसून बोट उचलत होते. समोरच्यांना वाटलं असेल, या गाडीत दोन ड्रायव्हर आहेत.

पुढे कुमिस्टविथच्या शिशाच्या जुन्या खाणींचे सांगाडे लागतात, मग हाफोडची दगडी कमान, मग डेव्हिल्स ब्रिज. एकाच घळीवर एकावर एक तीन पूल: सगळ्यात खाली मध्ययुगातला, त्यावर १७५३ चा, त्यावर १९०१ चा लोखंडी. पुलावरून जाताना यातलं काहीही दिसत नाही, खाली उतरून पाहावं लागतं. उतरा.

किनाऱ्याच्या रस्त्याचे, ए४८७ चे, बरेच भक्त आहेत आणि मला त्यांच्याकडून कॉमेंटमध्ये ऐकून घ्यावं लागणार. फिशगार्डपासून वर येणारा तो रस्ता वाईट नाही. पण समुद्र दिसतो तो तुकड्यातुकड्यानं, आणि ऑगस्टमध्ये पुढे कॅरॅव्हॅन लागली की पुढची वीस मैलं तिचं मागचं दारच दिसतं. त्याचा ॲबरिस्टविथच्या वरचा भाग मात्र सोडू नका. मखन्लेथ, जिथं १४०४ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओवेन ग्लिंडूरनं पार्लमेंट भरवलं, आणि तिथून काडर इद्रिस डोंगराच्या कुशीतून चढणारी खिंड. तिथं आठवड्याच्या दिवशी गेलात तर लष्कराची जेट विमानं दरीतून जाताना दिसू शकतात, तुमच्यापेक्षा खालून.

त्यानंतर ए४७० पुन्हा हाताशी येतो. ब्लायनाय फेस्टिनिओगला आभाळापर्यंत पाटीच्या दगडाचे ढिगारे, करडे, ओले. भोवती सगळं नॅशनल पार्क आणि हे गाव तेवढं त्यातून वगळलेलं, नकाशात मधोमध भोक पाडल्यासारखं. क्रायमिया पासवरून उतरलात की बेतूस-अ-कोयड, आणि मग नदीच्या काठानं सरळ कॉन्वी.

ॲबरग्वेसिनचा रस्ता मी मुद्दाम मित्राला सांगितला नाही. ल्हानुर्टिडपासून ट्रेगारनला जाणारा, चाराला एक असा चढ, वळणाचं नावच सैतानाचा जिना. गुरं हाकत इंग्लंडच्या बाजारांना नेणाऱ्यांची ती जुनी वाट. चालून खूर झिजू नयेत म्हणून बैलांना नाल ठोकायचे आणि बदकांच्या मोठ्या भावंडांचे, म्हणजे पाळीव गूज पक्ष्यांचे, पाय डांबरात आणि वाळूत बुडवायचे. पहिल्या खेपेला तिथं जाऊ नये. बाबांनी मात्र नकाशावरचे ते दोन बाण बघून ठेवलेत, पुढच्या वर्षीचं तिकीट त्यासाठीच काढायचंय म्हणतात.

मित्राला शेवटी हेच लिहिलं: कार्डिफहून सातला निघ. रेयाडरला पेट्रोल भर, डोंगरात पंप नाही आणि फोनला रेंजही नाही, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करून ठेव. ॲबरिस्टविथला खोली आजच बघ. आणि क्रेग गोखचं पाणी भिंतीवरून येत असेल तर बाबांसाठी एक व्हिडिओ काढ. त्यांनी काढला होता तो वाऱ्यानं सगळा हललाय, आणि गावच्या ग्रुपवर कुणाला ते धरण आहे हेच कळलेलं नाही.