लिंबाची काडी

आज लेक शाळेतून आली ती तोंड पाडूनच. चित्रकलेच्या स्पर्धेत द्राक्षबाग काढायची होती. पोरीने घरून कडुलिंबाची काडी नेलेली, एक टोक दगडाने ठेचून कुंचला केलेला. द्राक्षाच्या खोडाची साल कशी सुटून चिंध्यांसारखी लोंबते, बागा बघितलेल्यांना सांगायला नको. सहा नंबरच्या ब्रशने ती साल येईना, काडीच्या एका फटकाऱ्यात आली. आणि बाईंनी काडीच काढून घेतली. का, तर "साहित्याच्या यादीत नाही."

संताप संताप झाला माझा!

माझे अण्णा सातपूरला कारखान्यात टर्नर होते, लेथवर धातू कातायचे. धातू कातायचं धारदार हत्यार, म्हणजे टूल बिट, स्वतः घासायचे. ग्राइंडरवर चार ओढी, पाण्याच्या डब्यात बुडव, उजेडाकडे धरून कोन बघ, पुन्हा घास. एकदा कुठल्याशा बुशसाठी, म्हणजे यंत्रातल्या नळीसारख्या भागासाठी, त्यांनी गोल खाचेचं टूल घासलं. पाळी संपल्यावर भंगारातल्या पितळी रॉडच्या तुकड्यावर सहज लावून पाहिलं, तर जी वळणदार खाच पडली तिच्यात त्यांना निरांजनाची कंबर दिसली. निरांजन करायचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते त्या टूलमधून निघालं. मग बैठकीसाठी एक टूल घासलं, वातीच्या वाटीसाठी दुसरं. आमच्या देवघरात रोज तेच लागतं.

आपण नाशिककर सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव घेताना छाती फुगवतो ना? त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या त्या माणसाने १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. फिल्म यायची ती कडेच्या भोकांशिवाय. ती भोकं घरी अंधारात बसून पाडावी लागत, आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी ती पाडली. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज एकेक फ्रेम टिपली आणि रोपटं पडद्यावर सरसर वाढताना दाखवलं. यंत्राशी असं झटल्याशिवाय ही कल्पना सुचली असती? आणि इथे आमच्या पोरांना काडी ठेचायची बंदी!

मान्य, पन्नास पोरं सांभाळताना बाईंनी कुणाकुणाच्या काड्या बघायच्या. आणि आता अंबडच्या कारखान्यांत सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे तयार धारेचे तुकडे, लावतात, कड झिजली की फिरवून दुसरी कड पुढे घेतात. कामाचा उरक मोठा, तेही कबूल. पण अण्णा म्हणायचे, पितळेला टूलचा माथा सपाट लागतो, पोलादासारखा उतार दिला तर टूल आत खेचलं जातं. हे त्यांना घासता घासता कळलं, आणि ते कळलं म्हणून पितळेत काय काय करता येईल ते सुचत गेलं. यादीतलं साहित्य आणून दिलं की पोरगी रंग भरेल, छान भरेल. साल कशी काढायची हा प्रश्न तिला पडणारच नाही.

उद्या शाळेत जाऊन बोलणार आहे. भांडणार नाही, बाईंनाही एक काडी नेऊन देणार आहे.

संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. अंगणातल्या लिंबाची काडी तोडून आणली आणि नातीशेजारी पायरीवर बसले. "ओली घ्यायची गं, सुकी तुटते. आणि फार ठेचू नको, तंतू मोकळे झाले की थांब." आत निरांजन लावलं तरी दोघांचं ठेचणं चालूच होतं.